बाणातला ण

रोहिणी मॅडमनी छोटा आरसा दिपालीच्या तोंडापुढं धरला आणि म्हणाल्या, "जीभ वर ने. अजून मागं. टाळूला लागली पाहिजे. हां, आता म्हण. पाणी."

"पानी," दिपाली म्हणाली.

"बघ आरशात. जीभ दातांपाशीच आली तुझी. बाणातला ण आहे तो, नळातला न नाही."

मागच्या बाकावरून हर्षल बोलला, "मॅडम, तिच्या जिभंचा नटबोल्ट ढिला झालाय. गॅरेजला न्यावी लागंल."

पोरं हसली. दिपालीच्या हातात कागदाचा नॅपकिन होता. पंख्यासारखी घडी घालून नुकताच जमला होता. तो तिनं मुठीत चुरगाळला, मान न वळवता खांद्यावरून मागं भिरकावला, आणि तो नेमका हर्षलच्या कपाळावर बसला. आता हसण्याचा रोख त्याच्याकडं वळला.

"दिपाली," मॅडम म्हणाल्या, "गेस्टच्या अंगावर असं काही फेकणार आहेस का तू?"

"गेस्ट असं बोलला तर फेकीन."

मॅडमनी आरसा पर्समध्ये टाकला. त्यांना हसू आलं होतं पण ते त्यांनी खाली वाकून, पडलेला नॅपकिन उचलता उचलता उरकून घेतलं.

राहात्यातल्या एका खताच्या दुकानावर हे सेंटर होतं. जिना दुकानातूनच वर यायचा, त्यामुळं सगळ्या बॅचच्या कपड्यांना खताचा वास. भिंतीवर टाय लावलेल्या एका गोऱ्या बाईचं पोस्टर होतं, हातात ट्रे, ट्रेवर काचेचे ग्लास. खाली लिहिलेलं, की तुमचं भविष्य तुमच्या हातात. सेंटरमध्ये मात्र काचेचा एकही ग्लास नव्हता. येणार येणार म्हणत बॅच संपत आली, तरी ट्रेवर रोहिणी मॅडमनी घरून आणलेले स्टीलचे पेलेच होते. त्यातल्या एकावर त्यांच्या आईचं नाव कोरलेलं होतं.

हॉटेलात पाहुण्यांना वाढायचं कसं, बोलायचं कसं, उभं कसं राहायचं, असा हा कोर्स. पोरांमधले निम्मे हर्षलसारखे. हर्षल बेलापूरचा, घरी पाणी लागलेली जमीन, दावणीला गायी. बाप म्हणाला घरी बसून मोबाईल घासण्यापेक्षा सर्टिफिकेट तरी घे, म्हणून आलेला. त्याचं हुकलं तरी त्याच्या घरी संध्याकाळी धारा निघणारच होत्या.

दिपालीचं तसं नव्हतं.

तिचं गाव पाथर्डीकडं, डोंगराच्या अंगाला. दसरा झाला की तिकडची घरं कुलपं लावून ऊस तोडायला निघतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधून वाहायच्या. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता कुठल्याच मुकादमाला नको असतो. दिपालीचे आईबाप एक कोयता. ती आणि तिचा भाऊ कल्याण, दुसरा. शाळा सुटली ती त्यातच. तिच्या वर्गातल्या पोरी दहावीचे पेपर लिहीत होत्या तेव्हा ती संगमनेरकडच्या उसाच्या फडात वाढं, म्हणजे तोडलेले हिरवे शेंडे, बांधत होती. या उन्हाळ्यात कल्याणचं लग्न झालं. कल्याणची जोडी झाली. नवरीचं कौतुक चाललेलं असतानाच कोणाच्या तरी ध्यानात आलं, की दिपाली अर्धी उरली.

"अर्ध्याचा पुरा करायला किती येळ लागतो," मुकादम त्याच मांडवात म्हणाला होता.

दिपालीनं हातातलं ताट आपटलं होतं. "मला फडात जायचंच न्हाई."

"मंग कुठं जातीस?" तिच्या वडलांनी विचारलं. सहादेव आबा आवाज चढवून बोलायचे नाहीत. "शाळा न्हाई. धंदा न्हाई. तुला एकटीला गावात ठिवून आमी जावं व्हय सा म्हैने?"

पुणतांब्याच्या बनूमावशीनं या सेंटरचं सुचवलं. राहायचं तिच्याकडं, आणि कोर्स संपला की नोकरी देतात म्हणे. आबांनी रात्रभर विचार केला. सकाळी म्हणाले, "दसऱ्यापत्तोर. नोकरी लागली तर तुझं खरं. न्हाई लागली तर माझं."

त्यांचं खरं कोण, ते त्यांनी आठवड्याभरात मोबाईलवर पाठवूनही दिलं. शेवगावकडचा गोरख. गॉगल लावून ट्रॅक्टरला टेकलेला. फोटोत ट्रॅक्टर जास्त आणि गोरख कमी होता. दिपालीनं फोटो पाहिला आणि फोन पिठाच्या डब्यावर पालथा घातला.

तेव्हापासून सगळं त्या एका अक्षरावर येऊन अडलं. ट्रे धरायला तिला शिकवावं लागलं नाही. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या पोरीला सहा पेल्यांचा ट्रे काय जड. पाठ ताठ, चाल हलकी, कपड्यांना इस्त्री. पण तोंड उघडलं की पानी, जेवन, कोन, आपन. आणि रोहिणी मॅडमचं म्हणणं, मुलाखतीत माणूस पहिल्या वाक्यात ओळखतात.

मॅडम संगमनेरच्या. मास्तरकीची पदवी घेऊन बसलेल्या, शाळेत जागा न मिळालेल्या. रोज एसटीनं यायच्या. मराठी फार सुरेख बोलायच्या. त्या 'आपण' म्हणाल्या की दिपालीला वाटायचं, यांच्या तोंडात हा शब्द धुऊन ठेवलेला आहे.

संध्याकाळी मावशीच्या अंगणात दिपाली भांडी घासता घासता जीभ मागं वळवायची.

"काय गं," बनूमावशी म्हणाली, "घशात काटा अडकलाय व्हय?"

"मावशे, ण म्हन."

"न."

"न न्हाई. ण."

"तेच तर म्हनतीया मी. न."

"अगं, जीभ मागं ने."

बनूमावशीनं प्रामाणिकपणे जीभ मागं नेली, तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. तोंड पुसत ती म्हणाली, "आन् पानी म्हनलं तर तहान भागत न्हाई व्हय त्या लोकांची?"

दिपाली चिडून आत गेली. तरी चुलीपुढं बसल्यावर तिची जीभ वळवळतच होती.

मग कधी तरी जमलं. कधी, ते तिलाही कळलं नाही. सीटं भरून धावणाऱ्या वडापच्या जिपेत शेजारच्या बाईनं विचारलं, "हितं कोन बसलंय का?" आणि दिपालीच्या तोंडून निघून गेलं, "कोणी नाही. बसा आपण."

बाईनं तिच्याकडं एकदा पाहिलं, पदर सावरला, आणि अंग चोरून बसली. राहाता येईपर्यंत तिनं दिपालीला धक्का लागू दिला नाही.

त्या दिवशी सेंटरमध्ये रोहिणी मॅडमनी तिला पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. पाणी. जेवण. आपण. कोण. मग इतर कोणी चुकलं की म्हणू लागल्या, दिपालीला विचारा. हर्षलनंही एकदा कोपऱ्यात गाठून विचारलं, कसं करतीस गं ते. तिनं त्याला सांगितलं नाही.

नवरात्र बसलं. शिर्डीच्या एका हॉटेलातून मॅनेजर येणार, इथंच मुलाखती घेणार, असा निरोप आला. जागा थोड्या होत्या. मॅडमनी पोरींच्या वेण्या स्वतः घातल्या. दिपालीच्या कॉलरची गुंडी तुटलेली, ती त्यांनी स्वतःच्या ओढणीची टाचणी काढून आतून लावली.

"घाबरू नकोस," त्या म्हणाल्या. "तुझं झालं की मी निवांत."

"मी कशाला घाबरू," दिपाली म्हणाली. पण ट्रेवरचे पेले तिनं दोनदा काढून पुन्हा मांडले.

मॅनेजर तरुण होता, स्वच्छ दाढी केलेला, अंगाला मंद सेंट. जिना चढून आला तेव्हा त्यानं आधी खताच्या वासानं नाकाला रुमाल लावला आणि मग, वाईट दिसेल म्हणून, काढला. त्यानं आपलं नाव सांगितलं. ते कुणालाच नीट कळलं नाही. मग तो टेबलाशी पाहुणा होऊन बसला. एकेकानं यायचं आणि त्याला पाहुणा समजून बोलायचं.

दिपालीचा नंबर पहिला. मॅडमनीच लावला होता, छाप पडावी म्हणून.

ती ट्रे घेऊन गेली. एक थेंब हिंदकळला नाही. उजव्या बाजूला उभी राहिली, किंचित वाकली, आणि म्हणाली, "नमस्कार. आपलं स्वागत आहे. आपण पाणी घेणार? जेवणाला वेळ आहे का थोडा?"

सगळे ण आपापल्या जागी पडले. खिडकीपाशी उभ्या असलेल्या रोहिणी मॅडमनी डोळे मिटून उघडले.

मॅनेजर हसऱ्या चेहऱ्यानं थांबला होता. "बहुत अच्छा," तो म्हणाला. "अब हिंदी में बोलो."

दिपालीनं मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी मॅनेजरकडं.

"सर, मराठीत..." मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, हमारे गेस्ट दिल्ली के, हैदराबाद के, इंदौर के. मराठी वाले तो दर्शन करके शाम को घर चले जाते हैं." मग तो दिपालीकडं वळला. आवाजात राग नव्हता. "बोलो बेटा. जैसा आता है, वैसा."

हिंदी दिपालीला कळत होतं. कानावर सगळीकडून पडतच असतं. पण बोलायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. फडात कशाला येईल? तिनं ट्रे दोन्ही हातांनी घट्ट धरला, जीभ शिकवल्यासारखी मागं नेली आणि म्हणाली, "सर, पाणी लेंगे आप? खाणा लाऊँ? अपणे को क्या होणा?"

मॅनेजरनं मान वर केली. मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "अरे! हरियाणे की हो क्या?"

पोरांना काही समजलं नाही. मागून कोणी तरी उगाच हसलं. मॅनेजर स्वतःशीच मान हलवत राहिला. "हमारे गाँव का कुक ऐसे ही बोलता है. पाणी, खाणा." मग समजावून सांगितल्यासारखं म्हणाला, "पाणी नहीं बेटा. पानी. बोलो. पानी."

दिपालीनं तोंड उघडलं.

"पाणी."

"ना... ना. पा-नी."

"पाणी."

जीभ वर जात होती आणि मागं वळत होती. आई-आजीनं दिलेला, पाळण्यापासूनचा तो साधा शब्द. ती शोधत होती आणि सापडत नव्हता.  तिला वाटलं, हा ट्रे सोडून द्यावा. सगळे पेले एकदम आपटू द्यावेत खाली.

तिनं तो अलगद टेबलावर ठेवला.

"मी पानीच म्हनत हुते आधी," ती म्हणाली.

"क्या?" मॅनेजरनं विचारलं.

रोहिणी मॅडम खिडकीतून खाली बघत होत्या. त्या बोलण्याचं हिंदी करून सांगायला कोणी पुढं आलं नाही.

हर्षलचा नंबर आला. मोबाईलवर दिवसरात्र गेम खेळून त्याचं हिंदी सुसाट झालेलं. पेला त्यानं चुकीच्या, डाव्या बाजूनं दिला, अंगठा पाण्यात बुडवून. "सर, चिल्ड पानी एकदम, और कुछ हुकूम?" मॅनेजर मोठ्यानं हसला आणि त्याला बसायला खुर्ची दिली.

सगळं उरकल्यावर मॅडम मॅनेजरपाशी जाऊन हळू आवाजात बोलू लागल्या. दिपाली दाराशीच होती, तिला सगळं ऐकू येत होतं.

"सर, ती मुलगी... कामाला फार चांगली आहे. दुसरीकडं कुठं तरी..."

"लड़की अच्छी है," मॅनेजर म्हणाला. "हाथ बहुत साफ है. हाउसकीपिंग में चलेगी. वहाँ ज़्यादा बोलना नहीं पड़ता."

मॅडमनी वळून दिपालीकडं पाहिलं. अख्ख्या दिवसात पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला.

"लेकिन हाउसकीपिंग में हम कपल रखते हैं," तो पुढं म्हणाला. "मियाँ-बीवी. ऊपर रहने को कमरा देते हैं. अकेली लड़की की ज़िम्मेदारी कौन लेगा, मॅडम? शादी हो गई है इसकी?"

"नाही."

"हो जाए तो भेज देना. दिवाली तक आदमी चाहिए हमें. बस, दोनों में से एक को हिंदी आनी चाहिए."

तो रुमाल हातात घेऊन जिना उतरून गेला. मॅडम दाराशी आल्या. काही सांगायला त्यांनी तोंड उघडलं.

"कळलं मला," दिपाली म्हणाली. "जोडी पायजे."

हर्षल जिन्यात उभा होता. नेहमीसारखी मस्करी त्याच्या तोंडावर नव्हती. चप्पल पायरीवर घासत म्हणाला, "मी काय जायचो न्हाई तिथं. म्हातारा म्हनतो, गायी कोन बघंल. माझी जागा तुला देत्यात का, इचारू?"

"जागा काय एसटीतली हाय व्हय, उठला आन् दिली?"

"न्हाई, आपलं..."

"सरक."

तो सरकला.

आत रोहिणी मॅडम पेले पुसून पिशवीत भरत होत्या. पोस्टरमधली बाई तशीच ट्रे धरून हसत होती. दिपाली टाचणी परत द्यायला आत गेली. टेबलावर ठेवली आणि तिथंच थांबली.

"हिंदीचा तासच नव्हता गं कोर्समध्ये," मॅडम तिच्याकडं न बघता म्हणाल्या. "मी विचारलं होतं वर. ते म्हणाले, लोकल मुलं आहेत, लोकल नोकऱ्या आहेत."

"शिर्डीला कोन कोन येतं, तुमाला म्हाईत न्हवतं?"

रागात तो न आपोआप आला होता. मॅडमनी तो दुरुस्त केला नाही.

"शिर्डीला मी दर्शनाला जाते," त्या म्हणाल्या. "हॉटेलात कधी गेले नाही. आम्ही डबा नेतो."

दिपालीला खूप बोलायचं होतं. बोलायला लागली असती तर खालच्या दुकानदारापर्यंत ऐकू गेलं असतं. पण मॅडम आईचं नाव असलेला तो पेला पुसतच राहिल्या, कोरडा झाला तरी, आणि दिपालीला दिसलं, की त्यांच्या पिशवीत सेंटरमधलं त्यांचं सगळं सामान भरलेलं आहे. आरसा, डस्टर, खडूचं खोकं, भिंतीवरचं कॅलेंडर.

"तुमी कुठं जानार?"

"पुढची बॅच आली की बोलावू म्हणालेत." मॅडमनी पिशवीचे बंद बांधले. "येशील ना मला भेटायला?"

"कुठं?"

मॅडमनी पिशवी खांद्याला लावली.

दिपाली खाली उतरली. दुकानात पोती उतरवणं चालू होतं, ती अंग चोरून बाहेर आली. रस्त्यावर शिर्डीकडं जाणाऱ्या गाड्या एकामागं एक. परराज्यातल्या पाट्यांच्या, काचा वर केलेल्या. वडापची जीप भरायची होती. ती बाहेरच थांबली.

फोन आला. आबांचा.

"काय झालं गं तुजं?" ते म्हणाले. त्यांच्यामागं बोलणी चालली होती. मुकादमाचा खाकरा तिनं लगेच ओळखला. आई कोणाला तरी चहा घ्या म्हणत होती. "हितं सगळी बसल्यात. गोरखचा चुलता बी आलाय. मी म्हनलं, आधी पोरीला इचारू. शबुद दिलाय तिला."

आबांनी खरंच शब्द पाळला होता. तिला त्याचाच जास्त राग आला.

जीपवाला आरोळ्या देत होता. पुणतांबा, पुणतांबा. दिपालीनं दुसरा कान हातानं झाकला. मघापासून तिच्या डोक्यात जे उलटसुलट होत होतं, ते एका जागी येऊन थांबलं. जोडी. फड नव्हे, ऊपर कमरा. दिवाली तक. दोनों में से एक को हिंदी.

"आबा," ती म्हणाली, "त्या गोरखला हिंदी येतं का?"

"आं?"

"हिंदी. बोलता येतं का त्याला?"

 मग आबांचा आवाज एकदम मऊ झाला, लहानपणी तिला खांद्यावर घेताना असायचा तसा. "बोलाया-चालायला बरा हाय का, आसंच ना? हाय गं बाई, लई गुनाचा हाय. तू काय काळजी करू नगं."

"तसं न्हाई. मी काय म्हनते..."

पण त्यांनी फोन कानापासून लांब धरला होता. लांबून त्यांचा आवाज आला. "आवो मुकादम, बसा, बसा. पोरगी त्याचीच चवकशी करती. तयार हाय."

कोणी तरी हसलं. आईनं कुणाला तरी साखर आणायला पिटाळलं. भांड्यांचा, पोरांचा गलका झाला. गोरखचा चुलता काहीतरी मोठ्यानं म्हणाला आणि सगळे एकदम बोलू लागले. त्यात हिंदीचं कोणी काही बोललं नाही.

जीप भरली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, मान बाहेर काढून तिला विचारलं, येतीस का. दिपालीनं हातानंच त्याला थांब म्हणून खूण केली, आणि फोन कानाला लावून उत्तराची वाट बघत उभी राहिली.